बॅनरवर उरलेला हात

बेलपाडा, खारघर
१३ जानेवारी २०२५

शैलेशच्या खांद्यावर बांगड्या घातलेला जो हात हाय तो कुणाचा, हे आधी सांग. नमस्कार मागनं करीन, करावासा वाटला तर.

वेणू, काल मी नवा चष्मा आणायला खांदा कॉलनीत आले होते. नव्या चष्म्यातून पयलं काय दिसलं, तर तुझा धाकटा नातू कुंदन. घरायेवढा. साखरपुड्याचा बॅनर. डोळ्यांवर काळा गॉगल, गळ्यात बैलाला शोभेल अशी चेन, हाताची घडी. त्याच्याखाली तुमचं अख्खं खानदान ओळीनं. तू पण हायस, डोक्यावर पदर घेऊन, जशी काय जन्मात कुणाला शिवी दिली नाय. तुमचा कुत्रा हाय. कुत्र्याच्या खाली 'टायगर' असं नाव पण छापलंय. थोरला शैलेश हाय. आणि शैलेशची बायको, माझी नात रोशनी, ती नाय. तिचा हात तेवढा राहिलाय नवऱ्याच्या खांद्यावर. बोटात पोवळ्याची अंगठी. ती अंगठी मी घातलेली. मनगट संपलं की निळं आभाळ.

मी बॅनरवाल्याच्या दुकानात शिरले. म्हटलं, बाबा, ही बाई कुठं गेली? तो हसला. "आजी, फोटोत होती ती. पण दात लय पुढं. नवरदेव बोलला, काढून टाक, बॅनरचा शो जातोय. हात काढायचा राहून गेला."

हात काढायचा राहून गेला. हे तो मला सांगतोय. ज्या हाताला मी धरून अक्षरं गिरवायला शिकवलं, मला स्वतःला धड येत नव्हती तेव्हा.

आता ऐक. वीस फेब्रुवारीला कुंदनची हळद. धवले गायला तू मला सुपारी दिलीस. धवलारणीच्या गाण्याशिवाय आपल्यात हळद लागत नाय हे तुला माहीत हाय, आणि बेलपाड्यापासून उरणपर्यंत जुने धवले पाठ असलेली मीच उरलेय, हे पण माहीत हाय. ती सुपारी या पाकिटात परत पाठवलीय. लाव हळद, डीजे वाजवून.

रोशनीच्या लग्नात आमी काय कमी केलं होतं? रुखवतात चांदीची मशेरीची डबी मांडली होती. पनवेलात कुणी मांडली असेल तर दाखव. आणि तेव्हा तिचे दात सरळ होते. लग्नाचा फोटो माझ्या भिंतीवर हाय. चार वर्षांत तुमच्या घरात माझ्या पोरीच्या दातांचं काय झालं, त्याचा जबाब पाहिजे.

फोन करत नाय. तुझ्या कानातलं मशीन शिट्टी मारतं आणि तू सोयीचं तेवढंच ऐकतेस. कागद वाचावाच लागंल.

भीमाबाई

*

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
१९ जानेवारी २०२५

भीमे,

सुपारी मिळाली. फोडून खाल्ली. जरा खवट होती.

मिठागरात एका पाटीत मीठ वाहिलं, साक्षरता वर्गात एका पाटीवर लिहिलं, म्हणून तुझं तोंड मी आजवर सहन केलं. पण आता कागदावर पण तेच तोंड. बॅनरचं काम पोरांचं. मला माझा फोटो कुठला लावला ते पण कुणी विचारलं नाय. मी काय कुत्र्याच्या शेजारी बसले असते?

दातांचं म्हणशील, तर ते आमी बसवले नायत. तुझी सासू आठव. ओठ मिटले तरी दोन दात बाहेर बसून रस्ता बघायचे. घराण्यातच असेल तर आमी काय करणार? दात तुमचे, बोल आमाला.

आणि लग्नात सरळ होते म्हणतेस ना? मग पुढं कशानं आले ते रोशनीला विचार. मला विचारू नको. मला ठाऊक हाय, पण माझ्याकडून शब्द घेतलाय आणि मी तुझ्यासारखी गावभर पिपाणी वाजवत नाय. तिला विचार, आणि ऐकायची छाती असेल तर ऐक.

हळद लागणारच. वडखळकडून दुसरी धवलारीण आणीन.

वेणूबाई

*

बेलपाडा
२२ जानेवारी २०२५

त्यानं मारलं का तुला? एवढं एकच लिही, हो का नाय.

रोशने, तुझी आजेसासू लिहिते की तिला सगळं ठाऊक हाय आणि तिच्याकडून शब्द घेतलाय. शब्द कशाचा घेतात? घरातलं बाहेर जाऊ नये म्हणून घेतात. आता माझ्या डोक्यात एकेक लागायला लागलं. करोना जाऊन किती वर्षं झाली, तू अजून मास्क लावून येतेस. मला वाटायचं धूळ. मागच्या दिवाळीत करंजी हातानं मोडून, तोंड फिरवून खाल्लीस. मला वाटलं सासरचं वळण. आणि दोन वर्षं झाली, माझ्यामागं गायला बसली नायस. घसा बसलाय, घसा बसलाय. माणसाचा घसा दोन वर्षं बसतो का गो? बुक्की बसली असेल तोंडावर, तर दात हलतात आणि पुढं येतात, हे मी मिठागरात दोन बायांचं बघितलंय.

शैलेश वरून गाय दिसतो. गाईच पाय झाडतात.

मारलं असेल तर सांग. मी पोलिसात जाणार नाय. ते लेखी घेतात आणि चहा पितात. मी वीस तारखेला मांडवात येईन आणि धवल्यात बसवीन सगळं. बापाचं नाव, नवऱ्याचं नाव, कुठल्या हातानं मारलं तो हात. पाचशे माणसं ऐकतील. पोलिसाचा कागद हरवतो, धवल्यात बसलेलं नाव तीन पिढ्या जात नाय.

तुला मी असंच का तयार केलं? बारा वर्षांची होतीस. आई तुला सोडून वर गेलेली, तुझा बाप तुळशीराम बंदरात क्रेनवर. मी तुला मांडवात माझ्या मांडीला मांडी लावून बसवलं, आपल्या रीतीप्रमाणं तुझ्या तळहातावर मशेरीची चिमूट ठेवली आणि सांगितलं, लाव दाताला, थुंक, आता माझ्यामागं ओळ घे. सगळ्या म्हाताऱ्या गप झाल्या तुझा आवाज ऐकून. तो आवाज कुणी बंद केला, ते मला पाहिजे.

दातांचं टेन्शन घेऊ नको. पुढचे चार उपटून टाकू, कवळी लावू. माझी बघ, कशी बसलीय.

भीमाबाई

*

खांदा कॉलनी
२७ जानेवारी २०२५

प्रिय आजी,

नाही. कुणी मारलं नाही. शैलेशने कधी आवाजसुद्धा चढवला नाही. तू त्याला काही बोलू नकोस, तो आधीच तुला घाबरतो.

तुला फोन केला असता, पण फोनवर मला रडू येतं आणि तू लगेच रिक्षा करून निघतेस. म्हणून तुझ्यासारखंच कागदावर.

मी दाताच्या डॉक्टरांकडे गेले होते. इथेच कॉलनीत आहेत, डॉ. चारुता. त्यांनी एक्स-रे काढला. त्या म्हणाल्या, मोठेपणी पुढचे दात पुढे दिसण्याची कारणं वेगवेगळी असतात. कुणाचा जबडाच तसा, आईबापांकडून आलेला. कुणाला लहानपणी अंगठा चोखायची सवय. कुणी गिळताना दर वेळी जीभ दातांवर ढकलतं. पण त्यांचे दात बहुतेक लहानपणापासूनच पुढे असतात. सरळ असलेले दात मोठेपणी पुढे सरकायला लागले, मधे फट पडली, हलायला लागले, तर आधी हिरड्या बघायच्या. माझ्या हिरड्यांखालचं हाड झिजलंय. दाताचं मूळ धरून ठेवायला हाडच उरलं नाही, की जीभ आणि ओठ ढकलतील तिकडे दात जातात. त्यात माझ्या मागच्या दोन दाढा नाहीत, म्हणून चावण्याचा सगळा भार पुढे.

उपटायची काही गरज नाही, आजी. त्या म्हणाल्या, तीस वर्षांच्या बाईलाच काय, पन्नाशीतही तार लावून दात मागे घेता येतात. पण आधी हिरड्या खोलवर साफ करायच्या, दोन-तीन वेळा. मग काही महिने थांबून बघायचं. सुजलेल्या हिरडीवर तार लावली तर दात हातात येतील. हिरड्या धरल्या की मग दीड-दोन वर्षं तार, आणि नंतर दातांच्या मागच्या बाजूला एक बारीक तार कायमची, नाहीतर परत पुढे पळतात.

हिरड्या कशाने खराब झाल्या ते त्या अजून बघताहेत.

एक गोष्ट आहे. कुंदन भाऊजी दुसऱ्या एका दवाखान्यात बोलून आलेत. तिथे दात तासून वर टोप्या बसवतात, सात दिवसांत. म्हणजे हळदीच्या फोटोत मी चालेन. नाहीतर मी मागे स्वयंपाकाकडे थांबायचं. डॉ. चारुता म्हणाल्या, हलणाऱ्या दातांवर टोप्या घालू नका, दोन वर्षांत टोप्यांसकट पडतील. पण घरात सगळे म्हणतात करून टाक, आणि मला नाही म्हणायचा कंटाळा आलाय.

तू गायला ये. माझ्यासाठी भांडू नकोस. मोठ्या आई तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवल्या नाहीत.

तुझी,
रोशनी

*

बेलपाडा
३१ जानेवारी २०२५

टोप्या घालायच्याच असतील तर तुझ्या नातवाच्या गॉगलवर घाल. माझ्या पोरीचे दात तासलेस तर बघ.

वेणू, दोन दिवस जेवली नायस असं कळलं. तिसऱ्या दिवशी कशाला जेवलीस?

वडखळची धवलारीण आणणार होतीस ना? मी मंगळवारी जाऊन आले. बसनं. पेणची, वडखळची, करंजाची, तिघींकडं गेले. तिघींनी माझ्याकडनंच गाणं उचललंय. तिघींनी सांगितलं, भीमाबाय नाय तर आमी नाय. आता कर्नाळ्याच्या जंगलातनं पाखरं पकडून आण गायला.

आणि रोशनीच्या त्या डाक्टरणीकडं पण जाऊन आले. ती पोरगी हुशार हाय, पण तोंड उघडत नाय. मी म्हटलं, माझ्या नातीच्या हिरड्या कुणी खराब केल्या ते सांग. म्हणते, "आजी, पेशंटचं मी दुसऱ्या कुणाला सांगत नाही." मी म्हटलं, मी दुसरी कोण, मी तिला वाढवलीय. "तरीही नाही. पण तुम्ही आलाच आहात तर तुमचं तोंड बघते."

मी कवळी काढून रुमालात ठेवली. तिनं बॅटरी मारून बघितलं.

"दात कधी गेले, आजी?"

"पंचेचाळीस-पन्नाशीला. एकेक करून."

"किडले होते?"

"एक पण नाय. पांढरेशुभ्र होते. पयले लांब दिसायला लागले, मग पुढं झुकले, मग हलले, मग भाकरीत सापडले."

"मशेरी लावता?"

"लग्न झाल्यापासून. दिवसातनं चार वेळा. तवा तापवून स्वतः भाजते, बाजारची घेत नाय. म्हणून तर कीड लागली नाय."

तिनं बॅटरी बंद केली आणि हळूच विचारलं, घरात आणखी कुणी लावतं का? मी म्हटलं, आमच्यात गाणारी प्रत्येक बाई लावते, घसा मोकळा राहतो. तिनं मान हलवली आणि हात धुतले. फी घेतली नाय. म्हटलं ना, हुशार हाय, माणूस ओळखते.

तर आता माझं ठरलं. हिरड्या आपोआप कुजत नायत. तुमच्या घरात काय तरी हाय. बोअरचं पाणी असेल, शिळं खायला घालत असशील, काळजी लावली असशील पोरीला. शोधून काढीन. कुंदनवर धवला बांधायला घेतलाय, सहा ओळी झाल्यात. तू शब्द दिलायस ना कुणाला? सांभाळ. मांडवात सगळ्यांसमोर सांडशील.

भीमाबाई

*

खांदा कॉलनी
६ फेब्रुवारी २०२५

शब्द मोडला. पाप लागलं तर तुझ्या डोक्यावर.

तुमच्या बेलपाड्याच्या कमळाकर पोस्टमनच्या हातात या पत्राबरोबर एक पुडकं दिलंय. आधी ते उघड. मग पुढं वाच.

उघडलंस? ओळखलीस ना डबी? चांदीची. रुखवतात मांडलेली. पनवेलात कुणी मांडली नाय अशी. झाकणावर तुझ्या सोनारानं मोर काढलाय. झाकण उघड आणि वास घे. कालपर्यंत भरलेली होती.

भीमे, तुझी नात सकाळी उठली की बाथरूमची कडी लावून मशेरी लावते. कामावर जायच्या आधी एकदा. आल्यावर एकदा. जेवल्यावर. कुरियरच्या ऑफिसात टेबलाच्या खणात दुसरी डबी हाय, प्लास्टिकची. लोकांना वाटतं मास्क दातांसाठी. मास्क वासासाठी पण हाय. मी दोनदा डबी लपवली. दोनदा माझ्या पाया पडली. "मोठ्या आई, माझ्या आजीला सांगू नका. तिनं दिलेली आहे. तिला कळलं की तिच्यामुळं झालं तर ती गाणं सोडेल." म्हणून मी शब्द दिला. तुझ्यासाठी दिला, भवाने. तुझ्यासाठी.

डाक्टरणीनं पयल्याच दिवशी सांगितलं होतं तिला. तंबाखूनं हिरडी मरते, पकड सुटते. दात न किडता हलतात. न किडता पुढं येतात. तूच लिहिलंस तुझ्या कागदात, लांब दिसले, झुकले, हलले. तुझ्या तोंडात घडलं ते तुला कळलं नाय, आणि पोरीच्या तोंडात घडतंय ते तू आमच्या बोअरच्या पाण्यात शोधतेस.

आणि त्या दोन दाढा? एकोणीस वर्षांची असताना दुखत होत्या. कुणी नेलं होतं पनवेलच्या बाजारात, काढून टाक म्हणून? डाक्टर म्हणत होता वाचतील. तू म्हणालीस, मागचं कोण बघतंय. हे पण तिनंच सांगितलं, हसत सांगितलं, तुझी नक्कल करून.

कुंदन गाढव हाय. त्यानं बॅनरवरनं वयनी पुसली, हे मी झाकत नाय. पण त्यानं फोटो पुसला. दात कुणी हलवले ते डबीला विचार.

आता बांध सातवी ओळ.

वेणूबाई

*

बेलपाडा
८ फेब्रुवारी २०२५

रोशनी,

डबी माझ्याकडं पोचली. वेणू लिहिते ते खरं का? माझी काळजी करून लिहू नको. काळजी करणारं उत्तर मला कळतं.

भीमाबाई

*

खांदा कॉलनी
११ फेब्रुवारी २०२५

आजी,

खरं आहे.

पण मोठ्या आईंनी अर्धंच लिहिलं असेल. तू बारा वर्षांच्या मुलीला चिमूट दिलीस. तीस वर्षांच्या बाईला रोज चार वेळा कुणी दिली नाही, ती माझी मी घेतली. तू मांडवात जशी घ्यायचीस तशी. डोळे मिटून, मान वर करून. ती लावली की मला तुझ्या शेजारी बसल्यासारखं वाटायचं. लग्न होऊन इथे आले तेव्हा त्या डबीशिवाय माझं असं काहीच नव्हतं.

गाणं मात्र मी मशेरीने सोडलं नाही. दोन वर्षांपूर्वी एका हळदीत मी ओळ घेतली आणि समोरची एक पोरगी मोबाईलवर माझं तोंड मोठं करून मैत्रिणीला दाखवत होती. त्या दिवशी बंद केलं.

आज सात दिवस झाले, लावलेली नाही. चहा कडू लागतो. काल शैलेशवर ताट आपटलं. डॉ. चारुतांनी पहिल्या साफसफाईसाठी शुक्रवारी, चौदा तारखेला बोलावलंय. टोप्यांना मी नाही म्हणून सांगितलं, कुंदन भाऊजींच्या तोंडावर. ते म्हणाले, मग फोटोत येऊ नका. मी म्हटलं, बरं. मी हळदीला येणार नाही, आजी. मागे स्वयंपाकाकडेही नाही. तू गा किंवा नको गाऊ, पण माझ्यासाठी कुणाचं लग्न अडवू नकोस. पाचशे लोकांत मला परत तोंड उघडायचं नाहीये.

रोशनी

*

बेलपाडा
१६ फेब्रुवारी २०२५

तुझी सुपारी तू खाल्लीस, वेणू, म्हणून ही माझ्या पदरची सुपारी. मी गायला येतेय. मला कुणी बोलावलं नाय, मी येतेय.

अक्षर वाकडं दिसेल. आज सहावा दिवस, मशेरी नाय. शेजारणीला शिव्या घातल्या, टीव्हीला घातल्या, कमळाकर पोस्टमन पेन्शनचा कागद घेऊन आला त्याला घातल्या. त्र्याहत्तराव्या वर्षी सोडून माझे काय दात परत येणार नायत. पण मी लावत बसले आणि तिला सोड म्हटलं, तर ती का ऐकेल?

डबी पाट्यावर ठेवली आणि वरवंट्यानं ठेचली. मोर पयल्याच ठोक्याला गेला. झाकण चेमटायला वेळ लागला, चांगल्या सोनाराचं काम होतं. तव्याला भोक पाडलं. आता त्याच्यावर कुणी मशेरी भाजणार नाय. तंबाखूचा पुडा गटारात. माझ्या तिन्ही चेल्यांना निरोप गेला, मांडवात नव्या पोरीच्या तळहातावर यापुढं खडीसाखर ठेवायची. जी मशेरी ठेवील तिला माझा धवला गायचा नाय. रीत माझ्या सासूनं मला दिली, मी रोशनीला दिली, आता मीच मोडली. सासू वर भेटली की तिच्याशी बघते.

शुक्रवारी रोशनीबरोबर दवाखान्यात गेले. तिनं सांगितलं नव्हतं, मी जाऊन बसले. डाक्टरीण हिरडीखालनं खरवडत होती आणि रक्त थुंकायला पोरगी सारखी वाकत होती. मी ते भांडं बघितलं. प्रत्येक वेळी बघितलं. मान फिरवली नाय. माफी मागितली नाय मी तिची; माफीनं हिरडी भरत नाय. पुढच्या दोन खेपांना पण जाणार, तार लागेल तेव्हा पण जाणार, आणि मागच्या दाढा बसवायच्यात त्या माझ्या कानातल्या कुड्या मोडून बसवायच्या, हे मी डाक्टरणीसमोर सांगून आलेय. दोन वर्षं लागतील म्हणते. तोवर मरायचं नाय असं मी ठरवलंय.

हा झाला माझा हिशेब माझ्याशी. आता कुंदनचा.

तुमच्या मांडवासमोर माझा भाचा विठू राहतो. त्याच्या गॅलरीला मी बॅनर बांधलाय. आज दुपारी चढला. खिडकी उघडून बघ. मधे रोशनी हाय, दारायेवढी. लग्नाआधीचा फोटो नाय घेतला. आत्ताचा घेतला, परवा दवाखान्यातनं बाहेर पडताना विठूच्या मोबाईलवर काढलेला. डाक्टरणीच्या दारात मी पायरीवर घसरले आणि सगळ्यांसमोर बूड टेकलं, तेव्हा ती हसली. पोट धरून हसली. सगळे दात दिसतात, पुढचे, फटीचे, सगळे. त्याच्याखाली छापलंय, 'हळदीला धवले: रोशनी शैलेश, आणि मागं भीमाबाई'. मागं मी, ते नीट वाच.

खाली कोपऱ्यात शुभेच्छुक. एकच शुभेच्छुक हाय, कुंदन. टायगरच्या शेजारी. टायगरपेक्षा लहान. आणि बॅनरवाल्याला सांगून मी त्याचे दात पुसून टाकलेत. सगळे, वरचे खालचे. हसताना तोंडात नुसता अंधार. बॅनरवाला घाबरला, "आजी, नवरदेव मला मारेल." मी म्हटलं, त्याला सांग, बॅनरचा शो जात होता.

फाडायला येईल तो. येऊ दे. दुसरा छापून माझ्या पलंगाखाली ठेवलाय. आणि त्याचा साखरपुड्याचा बॅनर नाक्यावर अजून हाय, त्यावरचा तो हात त्यानं काढायचा नाय. मांडवाच्या दिवशी आल्यागेल्याला मीच दाखवणार, हा हात कुणाचा ते.

सहा ओळी फेकून दिल्या. दोनच ठेवल्या. तुला आधीच लिहून देते, म्हणजे मांडवात कानातलं मशीन शिट्टी मारतंय असं सोंग करता येणार नाय.

पयली करणी आजीची गो, आजीनं मशेरी दिली,
दुसरी करणी दिराची गो, दिरानं वयनी पुसली.

माझं नाव आधी घेतलंय. पाचशे माणसांत. त्यामुळं कुंदनला तोंड वर करून बोलायला जागा नाय, आणि तुला पण नाय.

तिसरी ओळ मी बांधली नाय. ती माझी नाय.

रोशनी येणार नाय म्हणते. तिला तू आणायचीस, वेणू. दोनदा ती तुझ्या पाया पडली, आता एकदा तू तिच्या पड. कंबर दुखते सांगू नको, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान हायस. तिला मांडवात मधे बसव, मास्क काढून, हळदीच्या पाटासमोर, फोटोवाल्याच्या बरोबर पुढं. माझ्या तिन्ही चेल्यांना ताकीद दिलीय, तुझ्या घरच्या बायकांना तू दे. मी दोन ओळी म्हणून थांबेन. कितीही वेळ गेला तरी थांबेन, हळद वाळली तरी. त्या ओळींना उत्तर रोशनीनंच द्यायचं. तिच्या आधी कुणी तोंड उघडायचं नाय.

भीमाबाई